दारावरची पाटी आणि नकाशातलं नाव

मी सातवीत होते तेव्हा बाबांच्या कारखान्याचं गेट बंद झालं. रीतसर कुणी काही सांगितलं नव्हतं. सकाळी भरलेला डबा घेऊन गेलेला माणूस दुपारी भरलेलाच डबा घेऊन परत आला. आईनं डबा उघडला, भाजीचा वास घेऊन "ठीक आहे अजून" म्हणाली, आणि संध्याकाळी मला आणि धाकट्या पिंकीला तीच भाजी वाढली. यापेक्षा जास्त चर्चा त्या विषयावर आमच्या घरात झाली नाही.

पुढे बाबांना पीथमपुरात एका ठेकेदाराकडे काम मिळालं. तिथेच खोली घेऊन बाकीच्या कामगारांबरोबर राहायचे आणि सुट्टीच्या दिवशी देवासला यायचे. आले की अर्धा दिवस झोपत, आणि उरलेला अर्धा दिवस आई त्यांना घरातल्या मोडलेल्या वस्तू दाखवी. आमचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर इकडे आले ते तंबू आणि घोड्यांच्या झुली शिवणारे. दरबार गेला, घोडे गेले, सुई तेवढी राहिली. आई त्याच सुईवर घर चालवत होती. फॉल-बिडिंग, ब्लाऊज, आणि मराठी लग्नांसाठी शिवलेली नऊवारी. नेसायची कटकट नाही, पायजम्यासारखी घालायची. इकडच्या आमच्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही आणि लग्नात तर पाहिजेच असते. काम आईचं एक नंबर. पण आमच्या गल्लीच्या पलीकडे ते कुणाला ठाऊक नव्हतं.

खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.कॉम. झाले तेव्हा आजीनं विचारलं, "मग आता तुला कुठल्या ऑफिसात बसवणार?" कुठल्याच ऑफिसानं बसवलं नाही. अर्ज करून करून कंटाळले आणि एक दिवस सहज पिंकीला आईची नऊवारी घालायला लावली. ती घालून पिंकी जिना चढली, मांडी घालून बसली, उठली, स्कूटीला किक मारून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. काष्टा जागचा हलला नाही. हे मी फोनवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. आठवड्याभरात इंदूरहून फोन, उज्जैनहून फोन. आई शिलाई मशीन थांबवून प्रत्येक फोन उभी राहून घ्यायची, जणू पलीकडचा माणूस दारात आलाय.

त्या दिवसांत मला एक गोष्ट समजली. काम चांगलं असणं वेगळं, आणि ते लोकांना सापडणं वेगळं. हे दुसरं काम करणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. मी ते धरलं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "तुझ्या त्या मोबाइलच्या धंद्याबद्दल लिही" असं सांगितलं गेलंय, म्हणून आधी धंदा काय ते सांगते. लोकांना वाटतं मी व्हिडिओ काढते. व्हिडिओ तर आता सगळेच काढतात. मी लोकांची अडचण आणि माझ्या गिऱ्हाइकाचं नाव यांची भेट घालून देते. दाढ दुखणारा माणूस डॉक्टरचं नाव शोधत नाही, तो फोनवर "दाढ में दर्द, पास में डॉक्टर" असं विचारतो. मग नकाशा उघडतो आणि वर दोन-तीन नावं येतात. त्यात तुम्ही असाल तर तुमचं दुकान आहे. नसाल तर तुम्ही बाजारात असूनही नाही. त्या वरच्या नावांत यायला काय लागतं, तर पत्ता खरा हवा, काम काय ते साफ लिहिलेलं हवं, येऊन गेलेल्या लोकांनी चार शब्द चांगले लिहायला हवेत. आणि व्हिडिओ अशासाठी, की नाव सापडल्यावर माणसाला तोंड बघायचं असतं. हा बोलतो कसा? आपल्या घरी येऊ द्यावा असा आहे का?

हे सोपं वाटतं, आणि चुकतं तेव्हा जाम चुकतं. सोनकच्छचे बाबूभिया ट्रॅक्टरचे मिस्त्री. त्यांचा पहिला व्हिडिओ मी काढला, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखायचा. तो इतका चालला की बिहारहून, राजस्थानहून लोक फोनला इंजिन लावून आवाज ऐकवायला लागले. बाबूभिया सज्जन माणूस, कुणाला नाही म्हणता येईना. दिवसभर फोन कानाला, आणि दारात उभे ट्रॅक्टर तसेच. शेवटी त्यांच्या बायकोनं मला फोन केला, "भेनजी, तुमने इनको मशहूर कर दिया, अब वापस करो!" तेव्हा शिकले. आपल्याला जगात सापडायचं नसतं. आपल्याला सोनकच्छच्या माणसाला सोनकच्छमध्ये सापडायचं असतं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते, की तुम्ही कुठपर्यंत जाऊ शकता?

हाच प्रश्न मी मंगलाकाकूंना विचारला होता. त्या म्हणाल्या, "बस जाईल तिथपर्यंत."

मंगला उपाध्ये, राहणार धार. यजमान पुरोहित. धार-देवासकडच्या कितीतरी मराठी घरांत लग्नमुंजीला त्यांचेच गुरुजी. मी काकूंना पहिल्यांदा पाहिलं ते देवासच्या एका लग्नात. नवरीची नऊवारी आईनं शिवलेली, म्हणून मी तिचा व्हिडिओ घ्यायला गेलेले. गुरुजी येणार होते, आणि आली पिशवी घेऊन एक लुगड्यातली बाई. गुरुजींना अर्धांगाचा झटका आला होता, उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही. वराकडचे एक काका पुढे झाले.

"गुरुजी कुठेत?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही लावणार लग्न?"

"मुहूर्ताला वेळ आहे," काकू पिशवीतून ताम्हण काढत म्हणाल्या. "तोवर दुसरे कोणी मिळाले तर मी अंतरपाट धरते. नाही मिळाले तर तुम्ही धरा."

कुणी मिळालं नाही. काकांनीच अंतरपाट धरला. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या मागे बसून सामग्री हातात देणारी ही बाई, तिला सगळं येत होतं आणि आवाज असा की जेवणाच्या पंगतीपर्यंत माणसं गप्प झाली. निघताना त्या माझ्याजवळ आल्या. "तू ती फोनवाली शीतल ना? बाळ, एक सांग. हे लोक आज नाइलाज म्हणून चालवून घेतात. गुरुजींची बायको म्हणून एकदा बोलावतील. पुढच्या खेपेला दुसरा बघतील. मी लग्न लावते हे लोकांना माझ्या नावानं कळायचं कसं?"

घरात दुसरं उत्पन्न नव्हतं. मूलबाळ नाही. गुरुजींची पूर्वापार घरं एकेक करून सुटत होती. काकूंचं नाव उभं राहिलं नाही तर त्या घरातलं पौरोहित्य संपणार होतं, आणि काकूंना पोळ्या लाटायला कुठेतरी लागावं लागणार होतं. त्या तसं म्हणाल्याही, सहज, पिशवीचे बंद बांधता बांधता.

मी धारला जायला लागले. पहिले व्हिडिओ फार वाईट झाले. कॅमेरा लावला की काकू हात जोडत आणि डोळे मिटत. "डोळे उघडा काकू." "उघडले की विसरते ग." मग मी युक्ती केली. त्यांच्या हाताला काम दिलं. कलश भरता भरता बोला, अक्षता करता करता बोला. मग सुरू झाल्या. बोलत ते आपल्या इकडचं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "देखो बेटा, सप्तपदी मतलब फेरे नाहीत. चालायचं असतं, सात पावलं, बरोबर." इंदूर-पीथमपुरच्या मुली, ज्यांना मराठी बोलता येतं पण पत्रिका वाचता येत नाही, त्या खाली विचारायच्या, काकू, रुखवतात क्या क्या रखते हैं? आतल्या खोलीत गुरुजी पलंगावर पडून ऐकत. त्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं, पण मंत्र म्हणता यायचे, अडखळत नसत. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी. काकू कुठे चुकल्या की ते डाव्या हातानं पाण्याचं भांडं जमिनीवर आपटत. दोन-तीन व्हिडिओंत तो ठण आवाज अजून आहे.

नकाशावर काकूंचं नाव घातलं. "मंगला उपाध्ये, मराठी विवाह आणि संस्कार." ज्यांच्याकडे लग्न लावलं त्यांनी मनापासून लिहिलं. देवासच्या त्या नवरीनं तर इतकं लांबलचक लिहिलं की काकूंनी मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. नाव चढत चढत वर आलं. फोन यायला लागले. अक्षय तृतीयेनंतरचं एक मोठं लग्न ठरलं, पीथमपुरातल्या एका मॅनेजरसाहेबांच्या मुलीचं. वरपक्ष नागपूरचा. ते लग्न झालं असतं तर तिथल्या सगळ्या मराठी वसाहतीत काकूंचं नाव पोचलं असतं. मी मनात पुढचं सगळं मांडून ठेवलं होतं.

आणि चैत्र आला.

आमच्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आई दणक्यात करते. त्या दिवशी मी धारला होते. आईला वाटलं, पोरगी एवढी धडपडते, आपण तिला काहीतरी द्यावं. बायका जमल्या, आंब्याची डाळ झाली, पन्हं झालं, ओट्या भरल्या, आणि आईनं जाहीर केलं, "दरवर्षी मी तुम्हाला देते. ह्या वर्षी तुम्ही मला द्यायचं. आमच्या शीतलच्या धारच्या मंगलाताई आहेत, त्यांना सगळ्यांनी पाच-पाच तारे द्या." अर्ध्या बायकांना कुठे दाबायचं कळेना. पिंकीनं एक मजकूर तयार केला आणि ग्रुपवर टाकला. "एकदम शास्त्रशुद्ध लग्न लावतात, बहोत बढिया." सगळ्यांनी तोच चिकटवला. घरातल्या वायफायवरून, ओळीनं बसून, कुंकवाच्या बोटांनी. ज्यांना चिकटवता आलं नाही त्यांनी आपल्या मनानं लिहिलं. माझ्या मावशीनं लिहिलं, "डाळ फार छान झाली होती."

मी घरी आले तर आईच्या चेहऱ्यावर असा आनंद, की काय सांगू. "बघ तर खरी तुझ्या फोनात!"

मी बघितलं आणि एकसारख्या ओळी मोजायला लागले. ह्या धंद्यात खोटी स्तुती विकत घेणारे लोक पुष्कळ असतात, म्हणून नकाशाच्या कंपनीचं यंत्र अशाच गोष्टीवर पाळत ठेवून असतं. एकाच घरातून, एका दुपारी, एकच मजकूर, आणि काम कुठलं तर दुसऱ्या गावचं. आईला मी काही बोलले नाही. म्हटलं, कदाचित सुटेल. त्या आठवड्यात मी दर तासाला काकूंचं नाव शोधत होते. भाजी निवडताना, बसमध्ये, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. भोपाळच्या मैत्रिणीला फोन करून विचारी, तुला दिसतं का? दिसत होतं. दिसत होतं. आणि एका सकाळी दिसेना.

नाव, फोन, फोटो, लोकांनी लिहिलेलं सगळं, साफ. तिथे एक ओळ होती, की ही नोंद संशयास्पद वाटल्यामुळे थांबवली आहे.

सरकारी कचेरीत निदान बाबूच्या टेबलापाशी जाऊन बसता येतं. तो "उद्या या" म्हणतो, आपण उद्या जातो, तो ओळखायला लागतो. इथे ज्याच्याशी भांडावं असा माणूसच नाही. एक अर्ज भरायचा आणि यंत्राच्या मर्जीची वाट बघायची. काकूंना सांगावं कसं हेही कळेना. दोन दिवस मी त्यांचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणाले. मग त्यांनीच सांगितलं.

"शीतल, पीथमपुरहून साहेबांचा फोन होता. त्यांच्या व्याह्यांनी माझं नाव शोधलं म्हणे. कुठे दिसतच नाही. विचारत होते, ताई, तुम्ही खरोखर आहात ना?"

एक काळ होता, आमच्यात पुरोहिताची चौकशी चार घरांत व्हायची. अमक्याच्या मुंजीला कोण होतं, तमक्याच्या लग्नाला कोण होतं. आता व्याही नागपुरात बसून फोनवर बघतात, आणि फोन म्हणाला ही बाई नाही, की नाही. त्यात बाई पुरोहित. आधीच मनात किंतु असतो.

मी धारला गेले आणि सगळं सांगितलं, हळदीकुंकवासकट. काकू ऐकून घेत होत्या. मावशीच्या डाळीपाशी मात्र त्यांना हसू आवरेना. मग गंभीर झाल्या. "आता?"

आता उपाय एक. कंपनीला न तोडता काढलेला एक व्हिडिओ पाठवायचा. गल्लीपासून सुरू करायचं, दारावरची पाटी दाखवायची, कुलूप उघडून आत जायचं, कामाची हत्यारं दाखवायची. म्हणजे हे ठिकाण आणि हे काम ह्याच माणसाचं, अशी खात्री.

काकू म्हणाल्या, "आमच्या दाराला कुलूप नसतं."

झटका आल्यापासून गुरुजी घरातच. दाराला कुलूप लावायची वेळच आली नव्हती.

"काकू, व्हिडिओपुरतं लावू. ते आत असले तरी चालेल, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"वेडी का तू? जित्या माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावू? सवाष्ण बाई मी!"

त्या ठाम. मी म्हटलं, बरं, कडी उघडा. त्यांनी कडी उघडली. पण गल्लीत शिरल्यापासून दारापर्यंत प्रत्येक ओट्यावरून "काय मंगलाताई, शूटिंग?" आणि काकू प्रत्येकीला थांबून उत्तर देत होत्या. ताम्हण, पळी, पंचपात्र, होमकुंड, अंतरपाट, सगळं मी नीट घेतलं. पाठवलं. परत आलं. पाटीवरचं नाव आणि नोंदीतलं नाव जुळत नाही.

खरंच होतं. दारावर पाटी होती ती गुरुजींची. "वेदमूर्ती" पासून सुरू होणारी, काळ्या अक्षरांत, भिंतीवर रंगवलेली. काकूंचं नाव त्या घरावर कुठेच नव्हतं. लाइटच्या बिलावरसुद्धा नव्हतं.

म्हणजे पाटी लागणार. काकूंनी धाकट्या दिरांना, श्रीधरकाकांना, विचारायला बोलावलं. ते शाळेत मास्तर, शेजारच्याच गल्लीत राहतात. ते आले, बसले, चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, दादांचं नाव पिढ्यांचं आहे. ह्या मुलीच्या मोबाइलसाठी आपण घरावरचं नाव बदलायचं?"

मला राहवलं नाही. "काका, बदलायचं नाहीये. वाढवायचंय."

"तुम्हाला यातलं कळायचं नाही. हे दुकान नाही."

"दुकान नाही, पण चूल तर आहे ना?" मी बोलून गेले. बी.कॉम. झाल्याचा मला तेवढा फायदा आहे, की समोरचा मास्तर असला तरी माझी जीभ अडत नाही.

काकू दोघांच्या मध्ये म्हणाल्या, "त्यांना विचारू." म्हणजे गुरुजींना. विचारलं. गुरुजींनी तोंड उघडलं, शब्द येईना, मान हलवली ती हो की नाही हे कुणालाच कळेना. श्रीधरकाका म्हणाले, "नाही म्हणतायत." मी म्हटलं, "हो म्हणतायत." काकूंनी कपबशा उचलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पेंटर बोलावला. पण त्याला काय सांगितलं? "खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत घाल." मी मनात म्हटलं, एवढ्या बारीक पाटीवर कॅमेरा फिरला तर कुणाला वाचता येणार?

पेंटर मोहनभिया. त्यानं सुतळीला खडू लावून गुरुजींच्या नावाखाली दोन रेघा मारल्या, अगदी जवळजवळ, बोटभर उंचीच्या. गुरुजींना आम्ही ओट्यावर खुर्चीत बसवलं होतं. श्रीधरकाकाही येऊन उभे होते, हाताची घडी घालून. रेघा बघितल्या आणि गुरुजींनी काठी भिंतीवर आपटली.

"बघा," श्रीधरकाका म्हणाले. "मी सांगत होतो."

मोहनभिया ओल्या फडक्यानं रेघा पुसायला लागला. काकू पदर सावरून आत वळल्या. एवढ्यात पुन्हा काठी. गुरुजींनी काठी ठेवून मोहनभियाला खुणेनं जवळ बोलावलं, त्याच्या हातातून सुतळी घेतली, तिचं एक टोक स्वतःच्या नावाच्या माथ्याला धरायला लावलं, एक पायाशी. अक्षराची उंची मापली. मग तीच सुतळी, तशीच ताणलेली, खालच्या कोऱ्या भिंतीवर आणायला लावली.

"इतना बडा?" मोहनभियानं विचारलं.

गुरुजींनी मान हलवली. ह्या वेळी कुणाला शंका नव्हती. सुतळी त्यांनी सोडली नाही. मोहनभियानं दुसरी रेघ मारेपर्यंत डाव्या हातानं धरून ठेवली. श्रीधरकाकांनी हाताची घडी सोडली. मग पेंटरला म्हणाले, "अहो, मग निदान ओळ तरी सरळ येऊ द्या," आणि स्वतः सुतळीचं दुसरं टोक धरायला गेले.

"मंगला उपाध्ये, पुरोहित." काळ्या अक्षरांत, वरच्याइतकंच मोठं.

कुलुपाचा प्रश्नही सुटला. गुरुजी बाहेर ओट्यावर होतेच, मग घर रिकामं. काकूंनी श्रीधरकाकांकडून कुलूप मागवलं, लावलं, आणि आम्ही गल्लीच्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली. ह्या खेपेला मी सगळ्या ओट्यांना आधी हात जोडून सांगून आले, दोन मिनिटं कुणी बोलू नका. कुणी बोललं नाही. काकू अशा चालत आल्या की जणू मिरवणूक. पाटी, कुलूप, किल्ली, दार, ताम्हण.

पाठवला, आणि मग वाट. अक्षय तृतीया जवळ येत होती. मॅनेजरसाहेबांना मी रोज फोन करी. "साहेब, आज-उद्या येईल." ते म्हणत, "माझा विश्वास आहे हो, पण व्याही ऐकत नाहीत." मी त्यांना काकूंचे व्हिडिओ पाठवले, देवासच्या नवरीचा नंबर दिला. ते नीट बोलत, आणि त्यांच्या आवाजात रोज थोडं अंतर वाढत होतं. शेवटी काकूंच्याच फोनवर नकार आला. मी तिथे होते. इंदूरचे कुणी गुरुजी ठरले होते. काकू म्हणाल्या, "असू दे, असू दे. शुभं भवतु." फोन ठेवला, आणि म्हणाल्या, "मेल्यांना आधी नाही सुचलं! मी त्या तारखेला दुसऱ्या घरी नकार कळवला!" मग आत जाऊन त्यांनी खूप वेळ तांब्याची भांडी चिंचेनं घासली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू बस."

आई घरी विचारायची, "आलं का ग नाव?" तिला सगळं कळलं होतं. मला वाटलं होतं ती रडेल. ती एवढंच म्हणाली, "मी तर चांगलंच करायला गेले होते." मावशीनं तर फोन करून विचारलं, "अजून एकदा तारे टाकू का?"

अक्षय तृतीया गेली. त्यानंतर काही दिवसांनी, मी देवासच्या बाजारात लिंबं घेत असताना, फोन वाजला. नोंद पुन्हा सुरू केली आहे. मी लिंबं तिथेच ठेवून भिंतीच्या सावलीत उभी राहून नाव शोधलं. होतं. नाव होतं, पण खाली सगळं कोरं. खोट्या स्तुतीबरोबर खरी स्तुतीही पुसली गेली होती. देवासच्या नवरीचं ते लांबलचकसुद्धा. ते परत मिळत नाही. मी पुष्कळ लिहून बघितलं. त्याची हळहळ मला अजून वाटते. त्या मुलीला पुन्हा लिही म्हणायला माझं तोंड झालं नाही.

त्यानंतर नियम केला, आणि तो आजही मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते. ज्याच्या घरी काम झालं त्यानंच लिहायचं, त्याच्या घरून, त्याच्या शब्दांत. दोनच शब्द लिहिले तरी चालतील. नातेवाइकांनी प्रेम करावं, तारे देऊ नयेत. असं नाव हळूहळू चढतं. पावसाळा सगळा कोरडा गेला, कारण चातुर्मासात लग्नं नसतात. गणपतीत काकूंनी घरोघर प्राणप्रतिष्ठा केल्या, त्यातून पहिले चार शब्द आले. तुळशीचं लग्न झालं, मग डही गावाकडच्या एका शिक्षकांच्या मुलाची मुंज, मग महू, मग पीथमपुर. हो, पीथमपुर, त्याच वसाहतीत, दुसऱ्या घरी. मॅनेजरसाहेब तिथे जेवायला होते. काकूंनी त्यांना लाडू आग्रहानं वाढला.

गुरुजी अजून ओट्यावर बसतात. बोलणं थोडं सुधारलं आहे. श्रीधरकाका सुट्टीच्या दिवशी काकूंची पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत जातात आणि ओळखीच्यांना सांगतात, "वहिनींना आज रतलामला जायचंय."

ह्या वर्षी अक्षय तृतीयेला काकूंना तीन गावांहून बोलावणं होतं. त्यांनी एक घेतलं आणि दोघांना नाही म्हणून सांगितलं. आज धारमध्ये, देवासात किंवा पीथमपुरात कुणी मराठी लग्नासाठी पुरोहित शोधला, तर नकाशावर सगळ्यांत वर मंगला उपाध्ये हे नाव येतं, आणि फोन त्या स्वतः उचलतात.